मृणालिनीला दिसलेलं हरीण

अप्पा पामर्स्टन नॉर्थला आले तेव्हा सप्टेंबर निम्मा सरला होता. साताऱ्याच्या वीज मंडळात त्यांनी उभी नोकरी खांबांवर आणि तारांवर डोळा ठेवत, उन्हातान्हात फिरत काढली होती. बायको गेल्यावर मात्र या खुर्चीतून उठून त्या खुर्चीत बसणंही त्यांना जड झालं. लेकीने, मृणालिनीने, हट्टाने तिकीट काढून त्यांना आपल्याकडे आणलं. सुरुवातीला ते नुसते खिडकीशी बसून ओल्या रस्त्यावरून सायकलवर जाणारी पोरं बघत राहायचे. चहा दिला की प्यायचे, ताट वाढलं की जेवायचे. जावई, जगदीश, घरूनच कॉम्प्युटरवर काम करायचा. मधेच उठून त्यांच्याशी दोन शब्द बोलून जायचा. नात ओवी अकरा वर्षांची. आजोबांचं सगळं मराठी तिला कळायचं, पण उत्तरं इंग्रजीत. अप्पांना इंग्रजी येत होतं, पण नातीशी ते बोलायची त्यांची तयारी नव्हती. त्यामुळे दोघंही आपापल्या भाषेत बोलायची आणि त्यांचं झकास चालायचं.

एका रविवारी गराजमध्ये सायकलचा पंप शोधताना अप्पांना भिंतीला बोल्ट मारून बसवलेलं एक लोखंडी कपाट दिसलं.

"यात काय, दागिने ठेवता का?" त्यांनी विचारलं.

"रायफल आहे," मृणालिनी म्हणाली.

"जगदीशरावांची?"

"नाही. माझी."

अप्पा शेजारच्या स्टुलावर टेकले. लेकीकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझ्या आईला माहीत होतं?"

"हो. तीच म्हणाली होती, ह्यांना सांगू नकोस, उगाच काळजी करत बसतील."

मग मृणालिनीने सगळं सांगितलं. ती इथल्या एका संशोधन संस्थेत जंगलातल्या झाडांवर काम करायची. हरणं या देशातली नव्हेत. बाहेरून आणून सोडलेली. त्यांना खाणारं कुणी इथे नाही, आणि ती कोवळी रोपं मुळापासून फस्त करतात. कुंपण घातलेला जंगलाचा तुकडा आणि न घातलेला, यांतला फरक ती रोज मोजत होती. तिची सहकारी हुइया लहानपणापासून शिकार करणारी. तिने एकदा हिला बरोबर नेलं, आणि हिला ती शांतता आवडली. परीक्षा दिली, लायसन मिळालं. त्याआधी पोलीस घरी येऊन जगदीशला विचारून गेले होते, तुमची बायको तापट आहे का म्हणून.

"मग परवाचं मटण?" अप्पांनी विचारलं.

"हरणाचं होतं."

अप्पांनी थोडा विचार केला. "रस्सा चांगला झाला होता," ते म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी हसले.

त्यानंतर त्यांनी विषय सोडलाच नाही. कसं शोधता, वारा कुठून लागतो, किती लांबून मारता. जेवताना तेच, भांडी पुसताना तेच. शेवटी ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मृणालिनी सगळ्यांनाच घेऊन रुआहिनेच्या डोंगरांकडे निघाली. बंदूक घेतली नव्हती. त्या दिवशी फक्त माग काढायचा होता.

हुइयाच्या भावाची मेंढरांची जमीन डोंगराच्या अगदी पायथ्याला होती. शेवटचं कुंपण ओलांडलं की जंगल. इथले ऋतू उलटे, त्यामुळे ऑक्टोबरात वसंत चांगला लागला होता. कोवाईची झाडं पिवळ्या फुलांनी लगडली होती. हिवाळाभर आत दडलेली हरणं या दिवसांत नवं गवत खायला कडेला उतरतात, म्हणून हाच माग काढायचा मोसम. हुइयाने सगळ्यांना नारिंगी जाकिटं वाटली. बिनबाह्यांची, लांबून डोळ्यांत भरणारी. अप्पांनी आपलं पोटावरून ओढून बसवलं आणि ओवीला म्हणाले, "मी रस्त्यावरच्या कामगारासारखा दिसतोय ना?"

"यू लुक स्वीट ॲज, आजोबा," ओवी इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

मृणालिनीने त्यांना चिखलातले खुरांचे ठसे दाखवले. टोकं तीक्ष्ण असली तर ठसा ताजा, पावसाने बोथट झाली तर शिळा. कुरतडलेली पानं दाखवली, शिंगं घासून साल निघालेलं खोड दाखवलं. लेंड्या दाखवल्यावर अप्पांनी खाली वाकून त्या काडीने उलटल्यापालटल्या.

"आजोबा, दॅट्स पू!" ओवी किंचाळली.

"मग काय झालं? चकाकतायत बघ. आज सकाळच्याच आहेत. काय गं?" त्यांनी मृणालिनीकडे वळून विचारलं, आणि त्यांचा तो चेहरा पाहून तिला भरून आलं. आई गेल्यानंतर तो चेहरा तिने पाहिलाच नव्हता.

दुपारी कुंपणाच्या खांबाला टेकून डबे खाताना अप्पांनी विचारलं, "चुकून माणसाला लागत नाही का कधी?"

"लागते," मृणालिनी म्हणाली. "दर काही वर्षांनी ऐकू येतंच. म्हणून नियम आहे. जनावर अख्खं दिसल्याशिवाय, नर की मादी हे सांगता आल्याशिवाय ट्रिगरवर बोट न्यायचं नाही. नुसता रंग दिसला, हालचाल दिसली, आवाज आला, तर काही करायचं नाही."

"आणि शंका आली तर?"

"तर शंकाच खरी धरायची."

अप्पांनी मान डोलावली. मंडळातही असंच होतं, ते म्हणाले. तार मेलेली आहे असं कुणीही सांगितलं तरी ती जिवंतच समजायची.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा गेले. या वेळी रायफल होती. मृणालिनी आणि हुइया वर जाणार होत्या. जगदीश, ओवी आणि अप्पा खाली ओढ्यापाशी थांबणार होते. जगदीशने थर्मास, पोहे, ओवीचं पुस्तक असं सगळं बरोबर घेतलं होतं. "कुंपणाच्या पलीकडे कुणी यायचं नाही," मृणालिनीने तिघांनाही बजावलं. अप्पांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर करून "नाही येणार" म्हटलं.

वर एक जुनी दरड कोसळून मोकळी झालेली जागा होती, आता गवताने भरलेली. गेल्या खेपेला सगळ्यांत ताजे माग तिथेच मिळाले होते. मृणालिनी तिच्या वरच्या अंगाला एका पडलेल्या ओंडक्यामागे बसली. हुइया डोंगराच्या पुढच्या सोंडेवर गेली; तिथून पलीकडची बाजू दिसायची. वारा समोरून येत होता. पक्षी ओरडत होते, मग थांबले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खालच्या कडेला नेच्यांची झुडपं हलली.

पुढचं जे तिने नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं, ते असं. नेच्यांमध्ये तिला तपकिरी रंग दिसला. मग मान दिसली, खाली झुकलेली. चरत असल्यासारखी. ती वर आली आणि तिला दोन कान दिसले. त्यांतला एक हलला, माशी हाकलावी तसा. शिंगं नव्हती, मादी आहे, हे तिने मनात म्हटल्याचंही तिला आठवत होतं. तिने सेफ्टी काढली. मादी आडवी वळली, खांदा मोकळा दिसला. तिने श्वास सोडला आणि गोळी झाडली.

आवाज डोंगरात घुमून परत आला. आणि तो विरायच्या आत नेच्यांमधून आवाज आला, "आई गं!"

मृणालिनी जागची हलली नाही. हरीण मराठीत ओरडलं, एवढंच तिच्या डोक्यात आलं. खरोखर तेवढंच, आणि त्यापुढे काही येईना. रायफल तिच्या हातात होती. खाली कुणी तरी पुन्हा विव्हळलं, आणि तो आवाज तिने जन्मल्यापासून ऐकलेला होता.

ती ओंडक्यावरून उडी मारून धावत सुटली. रायफल कुठे टाकली ते तिला पुढेही आठवलं नाही. रायफल नंतर पोलिसांना सापडली. गवतावरून घसरत, नेचे तुडवत ती खाली पोचली. अप्पा कुशीवर पडले होते. उजव्या खांद्याखाली सगळं ओलं झालं होतं आणि ते ओलं पसरत होतं. डोळे उघडे होते. तिला पाहताच त्यांनी डावा हात पुढे करून तिची बाही पकडली आणि जोराने खाली ओढलं.

"खाली बस!" ते म्हणाले. "खाली बस, बावळट! कुणी तरी गोळ्या झाडतंय. तुला लागेल!"

आणि त्या एका हाताने त्यांनी तिचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं.

"अप्पा," ती म्हणाली. "अप्पा, मीच."

"गप्प. डोकं वर काढू नकोस."

"अप्पा, मी मारली. मीच मारली."

ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांना शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता. लहान मुलाने काही तरी असंबद्ध बोलावं आणि मोठ्या माणसाने ते सोडून द्यावं, तसं त्यांनी ते सोडून दिलं. "हुइया कुठंय?" त्यांनी विचारलं. "तिलाही खाली बसायला सांग."

हुइया तोवर धावत आली होती. तिने मृणालिनीला बाजूला ढकललं, आपल्या पाठपिशवीचा पट्टा काढून अप्पांच्या काखेवरून आवळला, अंगातला शर्ट काढून जखमेवर दाबला. "इथे दाब. सगळं वजन टाक," ती मृणालिनीला म्हणाली. मग तिने संकटात दाबायचं ते छोटं पिवळं यंत्र काढून अँटेना उभी केली. हेलिकॉप्टर येईपर्यंत मृणालिनी दाबून राहिली. हाताखाली अप्पांचं रक्त गरम लागत होतं आणि अप्पा अधूनमधून बोलत होते. ओढ्याकाठी त्यांना ठसे दिसले होते. अगदी ताजे, टोकं तीक्ष्ण असलेले. ते कुंपणाखालून पलीकडे गेले होते. जगदीशराव पोहे काढत होते. त्यांना वाटलं, हे लघवीला चाललेत. ठशांमागून थोडंसं वर जाऊन बघावं आणि लेकीला येऊन सांगावं, एवढाच अप्पांचा विचार होता. मग जाता जाता लेंड्याही मिळाल्या.

"चकाकत होत्या," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

खालून जगदीश येऊन पोचला तेव्हा त्याच्यामागे ओवी होती. त्याने तिला तिथेच मागे वळवायला हवं होतं, पण तोही नुसता उभाच राहिला.

हॉस्पिटलमध्ये तीनदा ऑपरेशन झालं. अप्पा वाचले. गोळी दंडाच्या हाडाचा चुरा करून, छातीला न शिवता मागून निघून गेली होती. जरा आत असती तर, असं सर्जन म्हणाली आणि वाक्य तिने तिथेच सोडलं. हात राहील, पण हाताकडे जाणाऱ्या नसा कितपत भरून येतील ते आत्ता सांगता येणार नाही, असं ती म्हणाली.

मृणालिनी पोलीस चौकीत बसली होती. समोरचा अधिकारी वयस्कर होता, हळू आवाजात बोलणारा. त्याने तिला पाणी दिलं आणि काय पाहिलंस ते सांग म्हणाला. तिने सांगितलं. तपकिरी मान, दोन कान, एक हललेला. तो लिहून घेत होता. संपल्यावर त्याने टेबलावर काही फोटो मांडले. अप्पांच्या अंगावरचे कपडे होते ते.

स्वेटर निळा होता. गडद निळा; आईनेच कधी तरी विणलेला. तपकिरी काही नव्हतंच. पँट राखाडी. टोपी नव्हती, अप्पांचं डोकं उघडंच असायचं, आणि केस पांढरे. चढ चढताना गरम झालं म्हणून नारिंगी जाकीट त्यांनी काढून पँटच्या खिशात कोंबलं होतं, आणि फोटोत त्याचं हातभर टोक खिशाबाहेर लोंबत होतं.

"कान कुठायत?" मृणालिनीने विचारलं.

अधिकाऱ्याने फोटो तिच्याकडे सरकवले.

"मी कान पाहिले. मी खोटं बोलत नाही."

"खोटं बोलतेयस असं मी म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "या खुर्चीत तुझ्याआधीही काही जण बसून गेलेत. सगळ्यांनी हरीणच पाहिलं होतं. एकाने तर शिंगांची टोकं मोजली होती."

ती रोज सूक्ष्मदर्शकातून पानं बघायची, पानाच्या कडेवरचे दात मोजायची. जे दिसलं ते लिहायचं, नाही दिसलं ते लिहायचं नाही, यावर तिचं पोट चालायचं. आणि तिच्या डोळ्यांनी तिला एक अख्खं हरीण करून दाखवलं होतं. जिथे तिचा बाप वाकून लेंड्या बघत होता, तिथे. तिने डोळे मिटून पुन्हा ती जागा आठवली. हरीणच होतं. कान हलला.

गोळी लेकीनेच झाडली हे अप्पांना कळायला दोन दिवस लागले. जगदीशने सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "पोलिसांना सांगा, मी हिला सांगून निघालो होतो की मी पलीकडच्या बाजूने वर येतोय, आणि मग वाट बदलली. चूक माझी."

मृणालिनी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. "असं काही झालं नव्हतं, अप्पा."

"झालं होतं, नव्हतं. तुला कशाला अडकवायचं? पोर लहान आहे."

"तुम्ही कुंपण ओलांडलंत, ते तुमचं. पण माणूस कुठेही असू शकतो, हेच तर मी शिकले होते. तुम्हालाही शिकवलं होतं. मी जे झालं तेच सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा."

"काही झालं नाही मला," अप्पा म्हणाले. "बघ, बरा आहे मी."

पुढे घरी आल्यावरही ते हेच म्हणत राहिले. काही झालं नाही. उजवा हात पट्ट्यात लटकलेला, बोटं थंड आणि जड, भात डाव्या हाताने चमच्याने खायचा, शर्टाची बटणं जगदीशने लावायची, पण विचारलं की, "काही नाही गं, होईल." मृणालिनी रडायला लागली की तेच तिच्या पाठीवरून डावा हात फिरवायचे. जगदीश तिच्याशी गरजेपुरतं बोलायचा. त्याला तिचा राग होता की स्वतःचा, पोहे काढत बसल्याचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हुइया एकदा जेवण घेऊन आली, दारातच उभी राहून म्हणाली, "मी तुला शिकवलं," आणि निघून गेली.

एके दिवशी शाळेतून परत येताना ओवीने गाडीत विचारलं, "आई, डिड इट लुक लाइक आजोबा?"

"नाही," मृणालिनी म्हणाली. "हरणासारखंच दिसलं. अगदी हरणासारखं."

ओवी बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "देन हाउ डू यू नो इट्स मी? राइट नाउ?"

मृणालिनीने गाडी कडेला घेतली. आरशात मागच्या सीटवर तिची मुलगी दिसत होती. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. मृणालिनीने मागे हात लांब करून ओवीचा पाय धरला आणि तो तसाच धरून बसली. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कुठे सोडला.

कोर्टात तिने गुन्हा कबूल केला. हयगयीने बंदूक चालवून इजा केल्याचा. इथल्या कायद्यात एक सोय आहे. दोघांची तयारी असेल तर शिक्षा ठरवण्याआधी ज्याने इजा केली आणि ज्याला झाली, त्यांना एका खोलीत समोरासमोर बसवतात. मृणालिनीच्या वकिलाला वाटलं, हे नुसतं नावापुरतं. बाप-लेक एकाच घरात राहतात, एकाच टेबलावर जेवतात. पण अप्पा म्हणाले, जायचं. आणि म्हणाले, मी मराठीत बोलणार.

खोलीत गोल टेबल होतं, कागदी रुमालांचं खोकं होतं, आणि बैठक चालवणारी एक मध्यमवयीन बाई. दुभाषी फोनवर होती. ऑकलंडच्या हिल्सबरोमधून बोलणारी मुग्धा नावाची कुणी तरी, आवाजावरून तरुण. बाईने अप्पांना सांगितलं, काय झालं आणि त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला ते तुमच्या शब्दांत सांगा. घाई नाही.

अप्पांनी घसा साफ केला. लेकीकडे न बघता ते फोनकडे बघत बोलू लागले.

"घरी मी हिला सांगतो, काही झालं नाही. रोज सांगतो. ते खोटं आहे."

मुग्धाने ते इंग्रजीत सांगितलं.

"ही स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागून आली की माझी पाठ आखडते. सुरी हातात असो, नसो. बाथरूमला जाताना मी हिची खोली ओलांडतो, तेव्हा आधी खाकरतो. मी आहे, हे हिला कळावं म्हणून." ते थांबले. "मला माझ्या मुलीची भीती वाटते."

बाईने फोनकडे पाहिलं. मग मुग्धाचा आवाज आला. "आय ॲम अफ्रेड ऑफ माय डॉटर."

मृणालिनीने ते दोनदा ऐकलं. एकदा बापाच्या आवाजात, एकदा परक्या पोरीच्या. दोन्ही वेळा ते नवीनच होतं.

"आणि मला राग आलाय," अप्पा म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता. "मला सायकल चालवता येत नाही. सही येत नाही. अंघोळीला जावई लागतो, मला! आणि हिच्यावर मी ओरडू कसा? ही सारखी रडते. मी तोंड उघडायच्या आधी हिचे डोळे भरतात, मग मीच हिची समजूत घालतो. गोळी मला लागली, आणि पाठीवरून हात मी फिरवायचा! हे किती दिवस?"

मुग्धा सांगत गेली. तिचं झाल्यावर बाई मृणालिनीकडे वळली.

मृणालिनीने माफीची वाक्यं घरून मनात जुळवून आणली होती. त्यांतलं एकही तिला आठवलं नाही. तिचे डोळे कोरडे होते. "अप्पा, मी तेव्हापासून रोज ती जागा आठवते," ती म्हणाली. "तिथे मला तुम्ही दिसावं म्हणून. नाही दिसत. हरीणच दिसतं. मला स्वतःचीच भीती वाटते. तुम्हाला वाटत नाही असं तुम्ही म्हणायचात, म्हणून मी कुणालाच सांगू शकत नव्हते."

अप्पांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"भयंकर आहे हे," ते म्हणाले.

"हो."

"दोघांनाही."

"हो."

याचं इंग्रजी करायला बाईने सांगितलं नाही.

बाहेर येऊन गाडीची वाट बघताना अप्पा म्हणाले, "ती पोरगी बरी होती. पण भीतीला नक्की काय म्हणाली गं ती? माझं लक्ष नव्हतं."

"अफ्रेड."

"आणि राग?"

"अँग्री."

"मग बरोबर सांगितलं." थोड्या वेळाने म्हणाले, "मला भूक लागलीय. काही तरी तिखट पाहिजे."

न्यायाधीशांनी तिला तुरुंगात पाठवलं नाही. महिनोन्महिने दर शनिवारी सार्वजनिक बागांत आणि नदीकाठी काम करायची शिक्षा झाली. लायसन गेलं, रायफल सरकारजमा झाली. तिला परत कधी बंदूक धरता येणार नाही, असं न्यायाधीश म्हणाले, तेव्हा तिला ती शिक्षा वाटलीच नाही. हुइयानेही त्या वर्षी आपली रायफल बाहेर काढली नाही. संस्थेत दोघी शेजारी बसून काम करायच्या, आणि हळूहळू कामाखेरीजचंही काही बोलायला लागल्या. जगदीशने एका संध्याकाळी, भांडी घासता घासता, पाठमोराच असताना सांगितलं, "मी त्यांना कुंपणाकडे जाताना पाहिलं होतं. हाक मारली नाही." मृणालिनी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि भांडी पुसू लागली.

अप्पांचा व्हिसा वाढवून घेतला. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिला होता: भिंतीला तोंड करून उभं राहायचं, बोटांनी भिंत चढत हात वर न्यायचा; जिथे थांबेल तिथून दुसऱ्याने धरून आणखी थोडा वर. सुरुवातीला हे जगदीश करायचा. मार्चमधल्या एका सकाळी जगदीशला ऑफिसचा कॉल आला, आणि अप्पा भिंतीपाशी तसेच उभे राहिले. मग त्यांनी हाक मारली, "मृणाल, ये. तू धर."

ती समोरून आली, त्यांना दिसेल अशी. एका हाताने तिने कोपर धरलं, दुसऱ्याने मनगट. हात अजून जड आणि थंडच होता. बोटं भिंतीवरून खांद्याच्या उंचीपर्यंत गेली आणि थांबली. तिने हळूच वर नेला.

"आ! दुखतंय!" अप्पा ओरडले. "दुखतंय ना! अक्कल आहे का? हळू!"

ओवी टूथब्रश तोंडात घेऊनच धावत बाहेर आली. मृणालिनीने हात सोडला नाही. ती थांबली, अप्पांचा श्वास खाली बसू दिला.

"आता?" तिने विचारलं.

"आता ने," अप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "पण हळू. सांगून."

"वर नेतेय," ती म्हणाली, आणि बोटभर वर नेला.